जुनी मोटार आणि तिचे ब्रेक

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य ती किती वेगाने धावते, एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते, चार माणसे आणि दोन ट्रंका घेऊन घाट चढते की नाही, हे सारे बारकाईने विचारतो. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तर ह्या प्रश्नाचे महत्त्व दुणावते. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते. मालकाचा खोळंबा होतो, चारचौघांत थोडी शोभा होते, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटते. ब्रेक बिघडले म्हणजे गाडी उभी राहत नाही, आणि त्याचा भुर्दंड पुष्कळदा रस्त्याने चालणाऱ्या, त्या गाडीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला भरावा लागतो. म्हणून जुन्या गाडीचे ब्रेक कसे काम करतात, त्यांतील दोष कसा ओळखावा आणि तो दूर कसा करावा, ह्याविषयी आज चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

मी राहतो ते हेब्बाळ बेंगळूरच्या उत्तरेस, बळ्ळारी रस्त्यावर आहे. १६३८ नंतर ज्या बेंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, त्या गावाची वेस येथून पुष्कळ दूर होती. आज शहर हेब्बाळचे तळे ओलांडून कितीतरी पुढे गेले आहे. २००८ साली देवनहळ्ळीजवळचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून येथल्या उड्डाणपुलावर सकाळसंध्याकाळ वाहनांची मुंगीच्या पावलांनी चाललेली रांग दिसते. ह्याच रस्त्याने पुढे नंदीदुर्गाकडे जाता येते. दुर्गाची उंची समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर, आणि हेब्बाळपेक्षा तो साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. अशा रीतीने ब्रेकच्या दोन्ही परीक्षा आमच्या दारातच होतात. पुलाच्या उतारावर क्षणोक्षणी थांबण्याची एक, आणि डोंगराच्या वळणावळणांच्या रस्त्याने सारखे उतरत राहण्याची दुसरी. मुंबईकरांना शीव-दादर आणि बोरघाट, कोल्हापूरकरांना गावातली गर्दी आणि आंबोलीचा घाट, असे ज्याने त्याने आपापल्या मुलखाप्रमाणे समजावे.

जुनी गाडी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा फियाट उभी राहते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने ह्याच बेंगळुरात विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने घरोघरी ठाऊक झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने जी चाकरी केली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तथापि खाजगी मालकांजवळ अशा गाड्या अजून आहेत. माझ्या वडिलांनी घेतलेली एक पद्मिनी आमच्याही दारी उभी असते. कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन ती पाच पाच वर्षांनी नवी करावी लागते. पण तपासणीचा दाखला त्या एका दिवसापुरता बोलतो. उरलेल्या दिवसांची जबाबदारी मालकाचीच.

प्रथम ब्रेक म्हणजे काय ते पाहू. गाडी धावते तेव्हा तिच्या अंगी गतीची ऊर्जा साठलेली असते. माणसांसकट ११०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही ऊर्जा सुमारे दीड लाख ज्यूल भरते. एक लिटर पाण्याचे तापमान छत्तीस अंशांनी वाढवावयास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही. तिचे रूप पालटावे लागते. ब्रेक हे काम घर्षणाने करतात आणि गतीची उष्णता बनवितात. म्हणजे ब्रेक ही एका अर्थी चुलीच आहेत, आणि चूल जशी पेटली पाहिजे तशी ती निवालीही पाहिजे. आता उताराचा हिशेब करा. तीच गाडी शंभर मीटर उंची उतरली तर जवळजवळ अकरा लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगावरून सात वेळा पूर्ण थांबविण्याइतकी. नंदीदुर्गावरून हेब्बाळपर्यंतच्या उतरणीची बेरीज जवळजवळ चाळीस वेळांची होते. ह्यातला काही भाग हवेच्या आणि इंजिनाच्या विरोधात खर्च होतो. उरलेला सारा ब्रेकनी पचवावयाचा असतो.

चालकाच्या पायातील जोर चाकापर्यंत पोहोचतो तो द्रवामार्फत. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल ह्या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडला. तो मोटारीच्या चाकांपर्यंत येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे द्रवाचे ब्रेक बसविण्यात आले. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो, प्रत्येक चाकातील लहान सिलिंडरांचे दट्टे बाहेर ढकलले जातात, आणि ते अर्धचंद्राकृती शूंना फाकवून फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूस टेकवितात. शूवर बसविलेल्या खरखरीत पट्टीस लायनिंग म्हणतात. पद्मिनीसारख्या गाड्यांच्या चारही चाकांना असेच ड्रम असतात.

उदाहरणादाखल समजा, पायाचा जोर २० किलो आहे आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोचा दाब आला. चाकांतील दट्टे तेवढ्याच आकाराचे असले, तर आठही शूंवर प्रत्येकी १०० किलोचा जोर येतो. हे फुकटचे मिळते असे वाटेल. परंतु निसर्ग हिशेबाचा पक्का आहे. मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या १६ मिलिमीटर सरकला, तर त्याने ढकललेले ऑइल आठांत वाटले जाते आणि एकेक शू अवघा २ मिलिमीटर हलतो. ब्रेकचे बहुतेक सारे दोष समजण्याची किल्ली ह्या दोन मिलिमीटरांत आहे. लायनिंग झिजून ड्रमपासूनचे अंतर वाढले, किंवा नळीत हवेचा बुडबुडा शिरला, किंवा कोठे थेंब थेंब गळती लागली, की हे तुटपुंजे भांडवल वाटेतच संपते आणि पेडल तळाला जाऊन टेकते.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. चारही चाकांचे ऑइल एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच घरातून जाते, अशी त्यांतील बहुतेकांची रचना असे. एका नळीला चीर गेली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढे दोन स्वतंत्र घरांचे मास्टर सिलिंडर आले. अमेरिकेत तर १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. तशी सोय नसलेल्या गाडीत निराळ्या यांत्रिक जोडणीने चालणारा हँडब्रेक हाच काय तो दुसरा आधार. तो केवळ गाडी उभी करण्यापुरता आहे असे मानून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अत्यंत धोक्याचे आहे.

आता दोष कसा ओळखावा ते पाहू. कचेरीत एखादे प्रकरण समोर आले म्हणजे शेरा मारण्यापूर्वी सगळे कागद क्रमाने वाचावे लागतात. ब्रेकचेही तसेच आहे. पाना हाती घेण्याआधी पाय, कान, नाक आणि डोळे ह्यांची साक्ष घ्यावी. गाडी सपाट जागी उभी करून पेडल दाबावे आणि ते काय सांगते ते ऐकावे.

पहिली तक्रार, पेडल फार खाली जाते. अशा वेळी ते झटपट दोनतीनदा दाबून पाहावे. दुसऱ्यातिसऱ्या वेळी ते वर आले आणि पायाला कडक लागले, तर शू ड्रमपासून दूर गेले आहेत असे समजावे. लायनिंग पाहून अंतर जुळवून घेण्याचे काम आहे. ते वर आले, पण रबराच्या चेंडूवर पाय ठेवल्यासारखे मऊ लागले, तर नळ्यांत हवा आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडा आकसण्यात खर्च होतो. तिसरा प्रकार असा की पेडल प्रथम ठीक लागते, परंतु पाय तसाच दाबून धरला तर ते हळूहळू खाली बसू लागते. बाहेर कोठे ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वायसर झिजले असून ऑइल त्यांच्या बाजूने मागे सटकते आहे. हा दोष फसवा असतो; जोराने पाय मारला तर पेडल पुष्कळदा चांगले लागते, आणि सिग्नलपाशी हलका पाय ठेवून उभे असताना मात्र गाडी पुढे सरकू लागते.

दुसरी तक्रार, डब्यातील ऑइल कमी होते. लायनिंग झिजत जाते तशी पातळी थोडी खाली येते, हे स्वाभाविक आहे. पण महिन्यामहिन्याला भर घालावी लागत असेल तर गळती आहे, ह्यात संशय धरू नये. चाकांच्या आतल्या बाजूस, रबरी नळ्यांच्या सांध्यांशी, तसेच पेडलच्या मुळाशी बोट फिरवून पाहावे. पुष्कळ मंडळी डबा भरतात आणि निश्चिंत होतात. गळक्या हंड्यात पाणी ओतीत राहावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे हंडा रिकामा झाल्याचे उतारावर कळते.

तिसरी तक्रार, पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही. द्रवाचे काम ठीक चालले आहे, घर्षण मात्र कमी पडते आहे, असा ह्याचा अर्थ. लायनिंग तापून काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, त्यावर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल सांडले असेल, अथवा चाकातील दट्टे गंजून अडकले असतील. ज्या गाड्यांत इंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य ब्रेकना मिळते, त्यांत ते साहाय्य तुटले तरी असेच होते. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ती यंत्रणा शाबूत आहे.

चौथी तक्रार म्हणजे ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. येथे घाईने निकाल देणारे हमखास चुकतात. गाडी डावीकडे ओढत असेल तर दोष डाव्या चाकात आहे असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक डावे चाक आपले काम चोख बजावीत असते आणि उजवे अंग चोरीत असते, असेच पुष्कळदा आढळते. आमच्या गाडीच्या बाबतीत हेच घडले. पावसाळ्यात दीड महिना ती जागेवरून हलली नव्हती. नंतर बाहेर काढली तेव्हा ब्रेक लावताच डावीकडे ओढू लागली. एका गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे लायनिंग बदलून दिले आणि बिल केले. ओढ होती तशीच राहिली. मग घरीच क्रमाने पाहिले. प्रथम दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे की नाही ते तपासले. ती सारखी होती. उजव्या चाकाचा ड्रम उतरविला तेव्हा त्या चाकातील सिलिंडरचा दट्ट्या गंजाने घट्ट बसलेला आढळला. पेडल दाबले असता त्याचा शू हालतच नव्हता. सिलिंडर बदलला, दोन्ही बाजूंना एकाच जातीचे लायनिंग बसविले, आणि गाडी सरळ थांबू लागली. एका आसाच्या दोन्ही चाकांचे काम नेहमी जोडीने करावे, हा नियम ह्यातून ध्यानात यावा.

पाचवी तक्रार, ब्रेक सोडल्यावरही चाक मोकळे होत नाही. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त जाते, आणि थोडे अंतर गेल्यावर चाकापाशी हात नेला तर धग लागते. ही परीक्षा करताना ड्रमला हात लावू नये. जळालेल्या बोटांनी निदान सुधारत नाही. ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ते अडत असेल तर त्याच्या सिलिंडरमागील हवा काढण्याचे लहानसे बूच किंचित सैल करावे. थोडे ऑइल उडाले आणि चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडला आहे. चारही चाके अशी अडत असतील तर दाब परत येण्याचे मास्टर सिलिंडरमधील छिद्र बुजले असेल, किंवा पेडलला थोडी मोकळी चाल उरली नसेल. एकच पुढचे चाक अडत असेल तर त्याची रबरी नळी संशयास्पद आहे. अशी नळी बाहेरून चांगली दिसते, पण आतून फुगून अरुंद होते. पायाच्या जोराने ऑइल आत जाते, शूच्या स्प्रिंगच्या बेताच्या ताकदीने परत येत नाही. बूच सैल करूनही चाक मोकळे झाले नाही, तर दोष यांत्रिक आहे. तुटलेली स्प्रिंग, अडकलेला दट्ट्या किंवा मागच्या चाकांच्या बाबतीत गंजलेली हँडब्रेकची तार, ह्यांपैकी काहीतरी सापडेल.

आता घाटातील दोष. त्याचे दोन प्रकार असून त्यांची लक्षणे नेमकी उलट आहेत. उतारावर ब्रेक सारखा दाबून ठेवला की लायनिंग अतिशय तापते आणि त्याची पकड कमी होते. पेडल कडक राहते, गाडी मात्र थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात पेडलच मऊ होऊन तळाला जाते. हा करामती ब्रेक ऑइलचा आणि त्यात मुरलेल्या पाण्याचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ड्रमची धग सिलिंडरपर्यंत पोहोचली की मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दाबली जाते. चालक घाबरून गाडी कशीबशी थांबवितो, अर्ध्या तासाने सारे निवते, वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि पेडल पूर्ववत लागते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला काहीच दोष सापडत नाही, म्हणून तो ‘गाडी ठीक आहे’ असे सांगतो. खरोखर ती ठीक नसते. ऑइल दोन वर्षांनी एकदा पूर्ण बदलावे, गाडी फिरो वा न फिरो. उभ्या गाडीतील ऑइलसुद्धा पावसाळा पीत असते.

दुरुस्तीचा विचार करताना एक सावधगिरी सर्वांत आधी सांगितली पाहिजे, कारण ती रस्त्यावरील माणसांइतकीच गॅरेजमधील मुलांच्या जिवाची आहे. जुन्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की आत काळसर भुकटी दिसते. तोंडाने फुंकर घालून किंवा हवेच्या नळीने ती उडवून देण्याची सर्रास पद्धत आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले तर ते तेथे राहतात, आणि वीसतीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने त्याचे फळ मिळू शकते. भुकटी पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. नवीन लायनिंग घेताना ॲस्बेस्टॉसविरहित मागावे. आपले काम करणाऱ्या पोरसवदा मुलाला नाकातोंडावर मुखवटा बांधावयास सांगणे हेही गाडीमालकाचे कर्तव्य आहे.

गाडी सपाट जागी घ्यावी, उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावे, आणि जॅकवर विसंबून न राहता गाडीखाली भक्कम घोडी ठेवावी. मागचा ड्रम काढावयाचा असेल तर हँडब्रेक आधी सोडावा. ड्रम उतरल्यावर लायनिंगची जाडी पाहावी. रिव्हेटांनी बसविलेले लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजू देऊ नये. एकदा धातू ड्रमला घासू लागला की ड्रमवर चरे पडतात. चिकटविलेले लायनिंग दीड मिलिमीटरच्या आसपास आले की बदलावे. सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण हलकेच उचलून पाहावे. आत ओल दिसली तर वायसर गेले. लायनिंगवर ऑइल मुरले असेल तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. तापले की मुरलेले ऑइल पुन्हा वर येते. ड्रमला चरे असतील तर लेथवर तासून घ्यावा, परंतु कारखान्याने दिलेल्या मापापलीकडे तो तासला तर पातळ होतो, आणि पातळ ड्रम लवकर तापतो. स्प्रिंगा कोठे आणि कशा अडकविल्या आहेत, ह्याचे छायाचित्र उघडतानाच घेऊन ठेवावे. एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे दुसरे नमुन्यादाखल समोर राहते.

रबरी भाग धुण्यास पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल कधीही वापरू नये, आणि ब्रेक ऑइलच्या डब्यात तर त्यांचा एक थेंबही जाऊ देऊ नये. खनिज तेलाने हे रबर फुगते, आणि एका दिवसात सगळी यंत्रणा निकामी होते. स्वच्छ ब्रेक ऑइल हेच त्यांचे साबण आणि तेच त्यांचे वंगण. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग निघतो. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

काम संपले की नळ्यांतील हवा काढावयाची. त्यास दोन माणसे लागतात, आणि एकमेकांचे ऐकणारी लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सामान्यतः आरंभ करावा. बुचावर पारदर्शक नळी बसवून तिचे टोक काचेच्या बरणीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. आतील माणसाने पेडल सावकाश दाबून धरावे. खालच्याने बूच उघडावे, बुडबुडे निघू द्यावे, बूच बंद करावे. आणि बंद झाल्याचे सांगितल्यावरच पेडल सोडावे. बूच उघडे असता पेडल सोडले तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत जाते. आमच्या घरी हे काम चिरंजीवांकडे आहे. ‘दाब’, ‘धर’ आणि ‘सोड’ ह्या तीन शब्दांपलीकडे त्या वेळी काही बोलावयाचे नाही, असा आमचा ठराव आहे. मधून मधून डबा भरीत राहावे; तो रिकामा झाला तर सारे पहिल्यापासून करावे लागते. बरणीत निघालेले ऑइल पुन्हा डब्यात घालू नये.

नंतर परीक्षा. इंजिन सुरू न करता पेडल जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते तसूभरही खाली जाता कामा नये. मग मोकळ्या जागी अगदी मंद वेगाने, नंतर थोड्या अधिक वेगाने गाडी थांबवून पाहावी. नवे लायनिंग ड्रमला पूर्ण टेकून बसण्यास थोडे दिवस लागतात. तोपर्यंत घाट टाळावा. ज्याला ह्या कामाचा सराव नाही त्याने ते जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. मात्र काय केले आणि का केले, हे विचारण्याइतके ज्ञान मालकाला असावे. दोष समजावून सांगणारा मिस्त्री सापडला तर त्याला जपावे. चार पैसे जास्त घेतले तरी तो स्वस्तच पडतो.

घाट उतरताना ज्या गियरमध्ये तो चढतो त्याच गियरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. इंजिनाला गाडी रोखू द्यावी, ब्रेक लावावयाचा तो थोडा वेळ आणि नेटाने, मग सोडून त्याला निवू द्यावे. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे साऱ्या डोंगराचे ओझे लायनिंगवर टाकणे होय. आणि एवढे करूनही ब्रेक गेलेच तर पेडल भराभर मारीत राहावे, गियर एकेक करून खाली आणावा, हँडब्रेकची कळ दाबलेली ठेवून तो बेताबेताने ओढावा, हॉर्न आणि दिवे लावून इतरांना सावध करावे, आणि चढाची किंवा मातीच्या बांधाची बाजू पाहून गाडी तिकडे घालावी. किल्ली काढून घेऊ नये. काही गाड्यांत सुकाणूचे चक्रच त्यामुळे जखडते.

श्रोतेहो, ह्या साऱ्याचा सारांश एका छोट्या कॅलेंडरात मावण्यासारखा आहे. गाडी बाहेर काढताना दर खेपेस पेडल एकदा दाबून पाहावे आणि उभ्या जागेवर ओल नाही ना, हे पाहावे. दरमहा ऑइलची पातळी आणि हँडब्रेक तपासावा. वर्षातून एकदा, शक्य तर पावसाळा संपल्यावर, चारही ड्रम उघडावे. दोन वर्षांनी ऑइल बदलावे. नळ्या जुन्या झाल्या असतील तर त्या फुटण्याची वाट पाहू नये. जुनी गाडी हा अनेक घरांत वडिलांच्या आठवणीचा ठेवा असतो. तिच्या रंगावर आणि गादीवर आपण हौसेने खर्च करतो. तिचे ब्रेक दिसत नाहीत, म्हणून त्यांची पाळी शेवटी येते. ती पहिली आणावी, एवढीच माझी विनंती आहे. हेब्बाळच्या पुलाखालून रोज शाळेची मुले रस्ता ओलांडतात. आपली गाडी कोणत्या सालची आहे, हे त्यांना ठाऊक नसते. समोरून येणारी गाडी थांबेल, एवढे गृहीत धरूनच ती पाऊल उचलतात.